पायरीवरचा विनोद, पायावरचा विनोद

प्रश्न : आमचा शाळेपासूनचा सहा-सात जणांचा गट आहे. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला जमायचं, हा कित्येक वर्षांचा शिरस्ता. आमच्यातल्या एकाला लहानपणी पोलिओ झाला. तो कॅलिपर लावून चालतो. स्वतःवर इतके विनोद करतो की हसून हसून पुरेवाट होते. 'लंगडा त्यागी आला रे' अशी आरोळी स्वतःच ठोकतो. परवा वरच्या मजल्यावर टेबल मिळालं तर म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी दिवाळीपर्यंत पोचतो." मागच्या महिन्यात त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला तो खोलीत शिरताना मीच 'लंगडा त्यागी आला' म्हणालो. तो हसला, पण वहिनी उठून आत गेल्या आणि मुलीचा चेहरा उतरला. निघताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हणतात ते वेगळं." काय वेगळं? त्याने म्हटलं की विनोद आणि मी म्हटलं की अपमान, हे कसं? मग आम्ही त्याच्यासमोर तोंड शिवून बसायचं का? आणि सुप्रीम कोर्टाने असल्या विनोदांवर बंदी घातली म्हणतात, ते खरं आहे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमच्या मित्राने हे नाव स्वतःला का लावून घेतलं असेल, याचा आधी विचार करा. तुम्ही त्याचे वर्गमित्र. पहिली-दुसरीत, मधल्या सुट्टीत, पीटीच्या तासाला त्याला कोण काय हाक मारायचं, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक असणार. चालण्यावरून पडलेलं नाव ज्या मुलाला रोज ऐकावं लागतं, तो कधीतरी शिकतो की दुसऱ्याने म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकावं. मग कधी म्हणायचं, कुठल्या सुरात म्हणायचं, कुठे थांबायचं, हे सगळं त्याच्या हातात येतं आणि समोरच्याकडे म्हणायला काही उरत नाही. त्याच्या विनोदात हुशारी आहेच, पण त्याआधी त्यात बरीच वर्षं आहेत. वाढदिवसाच्या दिवशी तुम्ही तेच शब्द उच्चारलेत तेव्हा वेळ तुम्ही ठरवली होती, सूर तुमचा होता आणि घर त्याचं होतं. वहिनी म्हणाल्या ते 'वेगळं' हेच.

मुलीचा चेहरा का उतरला, याला आणखी एक कारण असावं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलं. ही फार मोठी कमाई आहे. पण तिच्यामुळे असं झालं की तुमच्या शाळेत कॅलिपर लावणारी आणखी दोन-चार मुलं असतील, तर तिच्या शाळेत बहुधा एकही नसेल. तिच्या ओळखीच्या जगात असा चालणारा माणूस एकच आहे आणि तो तिचा बाबा आहे. कॅलिपर ही तिच्यासाठी घरातली वस्तू आहे, रात्री काढून ठेवायची आणि सकाळी पट्टे आवळून चढवायची. बाबाने घरात केलेला विनोद ती लहानपणापासून ऐकत आली. पाहुण्यांच्या, मैत्रिणींच्या देखत तोच शब्द बाहेरच्या माणसाच्या तोंडून आला, तेव्हा तिला कळलं असेल की बाहेर बाबाला असंही ओळखतात.

आता हे नाव आलं कुठून तेही पाहू. 'ओंकारा' हा विशाल भारद्वाज यांचा २००६चा चित्रपट शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर बेतलेला आहे. त्यातला लंगडा त्यागी म्हणजे 'ऑथेल्लो'तला इयागो. पण मूळ नाटकातला इयागो लंगडत नाही. कपटी माणूस उभा करायचा तर त्याचा पाय अधू करायचा, ही भर आपल्याकडची. दूरदर्शनवरच्या 'महाभारता'तला शकुनी असाच पाय ओढत यायचा. आणि 'रामायणा'तली कुबडी मंथरा ज्यांनी केली, त्या ललिता पवार तर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या.

त्यांची गोष्ट नाशिककरांनी मुद्दाम आठवावी अशी आहे. जन्म १९१६ चा, येवल्यातला. मूकपटांच्या काळापासून पडद्यावर, नायिकेच्या भूमिकांत. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारायची थप्पड खरोखरीच जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याची नस फुटली. जवळजवळ तीन वर्षं उपचारांत गेली. डोळा बारीक राहिला तो कायमचा. परत कामाला लागल्या तेव्हा वय तिशीच्या आतलं, पण नायिकेचं दार बंद झालं होतं. उघडं होतं ते छळवादी सासूचं. त्या दारातून त्या आत गेल्या आणि असं काम केलं की पुढची चाळीस वर्षं त्यांच्याशिवाय सासू कोणाला सुचली नाही. घरोघरी पोरं एक डोळा बारीक करून 'ललिता पवार' करून दाखवू लागली. कजाग सासूला त्यांचंच नाव पडलं.

त्या डोळ्यात दुष्टपणा नव्हता. ती एका अपघाताची जखम होती. त्याच डोळ्याने त्यांनी 'अनाडी'तली (१९५९) प्रेमळ मिसेस डिसा उभी केली आणि त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. म्हणजे तो डोळा मायेचाही होऊ शकत होता. पण त्याचा अर्थ काय लावायचा, हे बहुतेक वेळा लिहिणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी ठरवलं. ललिताबाईंनी आपल्या दुखापतीवर हुकमत मिळवली, पण ती दुसऱ्यांनी आखून दिलेल्या जागेत. तुमच्या मित्रालाही स्वतःसाठी नाव निवडताना खलनायकाचंच सापडलं. पाय अधू असलेला, रसिक, हजरजबाबी, मित्रांत रमणारा, मुलीवर जीव असणारा माणूस आपल्या पडद्यावर किती वेळा दिसला? त्याने निवडायचं तरी कशातून?

आता मिसळीच्या टेबलाकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेला आहात. "मी दिवाळीपर्यंत पोचतो." हा विनोद 'लंगडा त्यागी'पेक्षा निराळा आहे. 'लंगडा त्यागी' पायावर आहे, हा पायरीवर आहे. इतक्या वर्षांच्या मित्रांनी वरचं टेबल घेतलं, यावर आहे. तो तुम्हाला काहीतरी सांगत होता आणि तुम्ही अवघडू नये म्हणून हसत सांगत होता. तुम्ही हसलात, हे ठीकच. पुढे काय केलंत? खालचं टेबल रिकामं व्हायची वाट पाहिलीत, की हसत हसत वर गेलात? वर गेला असाल तर तो विनोद तुम्ही ऐकला, पण त्यातलं म्हणणं राहून गेलं.

अपंग माणसाचे विनोद पुष्कळदा असे कामाला जुंपलेले असतात. समोरचा बावरतो, कुठे बघावं त्याला कळत नाही, मदत करावी की नको ते उमगत नाही. मग ज्याला खरी अडचण आहे तोच एखादं वाक्य टाकून समोरच्याला मोकळं करतो. बँकेत, एसटीत, लग्नाच्या हॉलवर, नव्या ऑफिसात, दिवसातून कितीदा तरी. ही मेहनत कोणी मोजत नाही. उलट 'किती मस्त स्वभाव आहे याचा' म्हणून आपण तिच्यावर आणखी भार टाकतो. एखाद्या दिवशी तो चिडला, थकला, विनोद न करता "मला वर चढता येणार नाही" एवढंच म्हणाला, तर ते त्याच आपुलकीने ऐकून घेतलं जाईल का? हे मी तुमच्या गटाला मनापासून विचारतो आहे.

मुंबईच्या निधी गोयल यांचे कार्यक्रम पाहिले असतील तर पायरी आणि पाय यांतला फरक चटकन कळेल. त्या दृष्टिहीन आहेत, अपंग स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करतात, 'रायझिंग फ्लेम' ही संस्था त्यांनी उभी केली आणि स्टँडअपही करतात. त्यांच्या विनोदात हसू येतं ते डोळस लोकांच्या वागण्याचं : अंध बाईला प्रेम, लग्न, इच्छा असं काही असतं हेच लोकांच्या गावी नसतं, त्याचं. त्यांचं न दिसणं हा विनोदाचा विषय नाहीच. ते त्यांचं उभं राहण्याचं ठिकाण आहे. तिथून त्यांना आपण सगळे दिसतो आणि हसण्यासारखे दिसतो.

सुप्रीम कोर्टाने नेमकी हीच रेघ ओढली आहे, बंदी घातलेली नाही. 'आँख मिचोली' नावाच्या हिंदी चित्रपटात विसरभोळ्या, कमी ऐकू येणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या माणसांची थट्टा होती. ऐकू न येणाऱ्याला 'साउंडप्रूफ' म्हणायचं, अडखळणाऱ्याला अडकलेली कॅसेट म्हणायचं, अशा थाटाची. निपुण मल्होत्रा यांनी त्याविरुद्ध याचिका केली. ते स्वतः व्हीलचेअर वापरतात. ८ जुलै २०२४ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांनी निकाल दिला. चित्रपट रोखला नाही. पण अपंगत्व समजावून देणारा विनोद आणि माणसाला आणखी अपंग करणारा विनोद हे दोन वेगळे आहेत, असं स्पष्ट लिहिलं. पडद्यावर अपंग माणूस दाखवताना तो थट्टेचा विषय नको आणि अचाट पराक्रमी पुतळाही नको, त्याचं खरं जगणं दाखवा, आणि लिहिताना, ठरवताना अपंग माणसांना सोबत घ्या, असं सांगितलं.

त्या निकालाला आठवडा होतो न होतो तोच हरभजन सिंग, युवराज सिंग, सुरेश रैना यांनी जिंकल्याच्या आनंदात एक व्हिडिओ केला. निवृत्त खेळाडूंची स्पर्धा खेळून अंग मोडून आलं आहे, हे दाखवायला एका गाजत्या गाण्यावर लंगडत, कमरेवर हात ठेवून चालले. हेतू स्वतःच्याच दुखऱ्या शरीरावर हसण्याचा होता, असं त्यांचं म्हणणं. मला ते खोटं वाटत नाही. पण स्वतःचं दुखणं दाखवायला त्यांनी चाल घेतली ती दुसऱ्याची, आणि ती ज्यांची रोजची आहे त्यांनी ती लगेच ओळखली. मानसी जोशी यांनी जाहीरपणे सुनावलं. मुंबईत वाढलेल्या मानसी यांचा पाय २०११ च्या अपघातात गेला आणि २०१९ मध्ये त्या पॅरा-बॅडमिंटनच्या जगज्जेत्या झाल्या. पुढे हरभजन यांनी माफी मागितली आणि व्हिडिओ काढून टाकला. तुमच्या प्रसंगाशी हा फार जवळचा आहे. हेतू वाईट नव्हता, आणि तरीही ज्याची चाल उचलली त्याला लागलं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

२०२५ मध्ये हा प्रश्न सुप्रीम कोर्टात आणखी पुढे गेला. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, म्हणजे स्नायूंचं बळ हळूहळू नेणारा जनुकीय आजार, त्यावरचं सुमारे सोळा कोटींचं इंजेक्शन आणि ते लागणारं तान्हं बाळ यांवर विनोदकार समय रैना यांनी कार्यक्रमात विनोद केला. आजारी मुलांसाठी काम करणारी एक संस्था कोर्टात गेली. ऑगस्टमध्ये कोर्टाने समय रैना आणि इतर काही विनोदकारांना त्यांच्याच वाहिन्यांवरून माफी मागायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये महिन्याला किमान दोन कार्यक्रम करून, त्यांत अपंग व्यक्तींना बोलावून, उपचारांसाठी निधी उभा करायला सांगितलं. ते इंजेक्शन मिळावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली कुटुंबं महाराष्ट्राने पाहिली आहेत, नाशिकनेही पाहिली आहेत. त्यांच्यावर हसण्यात धाडस कसलं आहे, मला कळत नाही. मात्र त्या आदेशाबद्दल एक इच्छा आहे : बोलावलेल्या माणसाला नुसतं दुःख सांगायला उभं करू नये. माइक त्याच्या हातात द्यावा, आणि त्याला विनोद करायचा असेल तर तो करू द्यावा.

कायद्याचं कलम विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ म्हणतं की लोकांसमोर, मानखंडना करण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. वाढदिवसाच्या घरात ते कोणी काढणार नाही. पण रस्त्यात, ऑफिसात, व्यासपीठावर ते आहे.

म्हणजे अपंग माणसाला कोणावरही काहीही बोलायची मुभा मिळते का? नाही. कीर्तनात अष्टावक्राची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आठ ठिकाणी वाकडा असलेला तो मुलगा जनकाच्या सभेत शिरला आणि पंडित त्याच्या शरीराला हसले. तोही हसला, आणि म्हणाला की मी विद्वानांची सभा समजून आलो, इथे तर कातडी पारखणारे चर्मकार बसलेत. सभा खजील झाली, श्रोते दरवेळी टाळी देतात. मला मात्र ती टाळी अर्धीच द्यावीशी वाटते. पंडितांना चूक दाखवली ते चोख. पण त्यासाठी ज्यांचं नाव हलकं म्हणून वापरलं, ती कष्टकरी माणसं त्या सभेत उत्तर द्यायला नव्हती. स्वतःवर झालेला वार तिसऱ्याकडे ढकलला तर विनोद करणाऱ्याचं अपंगत्व त्याला वाचवू शकत नाही.

उत्तर द्यायला जागेवर नसणं, हे सगळ्यात जास्त कोणाच्या वाट्याला येतं? बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुला-माणसांच्या. आंधळ्या, पांगळ्या माणसाला निदान निधी गोयल होता येतं, 'चाकाची खुर्ची'सारखं आत्मकथन लिहून कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्यासारखं आपलं म्हणणं मांडता येतं. बौद्धिक अपंग मुलाच्या वतीने बहुतेकदा आईबापच बोलतात. जयवंत दळवींनी 'नातीगोती' लिहिलं तेही अशा मुलाच्या आईबापांचं नाटक. आपल्या शहरात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये या मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा सुरू केली. ती चालत असलेल्या याच शहरात कट्ट्यावर पोरं एकमेकांना 'मतिमंद आहेस का' म्हणून टाळ्या देतात, बोबडं बोलून नकला करतात. त्या विनोदाला परतफेड करणारं कोणी तिथे नसतं, म्हणूनच तो इतका सोपा जातो. तुमच्या गटात तो होत असेल, तर 'लंगडा त्यागी'च्याही आधी तो बंद करा.

लंगडी, आंधळी कोशिंबीर हे खेळ किंवा 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं'सारख्या म्हणी यांच्यामागे लागायची मला गरज वाटत नाही. समोर बसलेल्या माणसाला पाहून म्हण तोंडातच ठेवावी, इतकी समज पुरते.

आता तोंड शिवून बसायचं का, ते. बसू नका. गप्प होणं, आवाज खाली आणणं, पायाकडे बघायचं टाळणं, याने तो गटातच एकटा पडेल. आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. 'तुझ्याकडे बघून आम्हाला बळ येतं' हे वाक्य अपंग माणसांना थट्टेइतकंच जड जातं. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग स्वतः व्हीलचेअरवर होत्या, पत्रकार होत्या आणि स्टँडअपही करायच्या. दुसऱ्यांना स्फूर्ती मिळावी म्हणून मी जन्मलेले नाही, असं त्या २०१४ च्या भाषणात हसवत हसवत सांगत होत्या. त्याची चेष्टा करा. त्याच्या क्रिकेटच्या ज्ञानावर करा, गाण्यावर करा, बिल द्यायची वेळ आली की फोन येतो त्यावर करा. मित्राला मित्रासारखं छळायचा तुमचा हक्क शाबूत आहे. त्याने पायरीवर विनोद केला तर खुशाल हसा आणि खालचं टेबल बघा. त्याने पायावर केला तर हसू आलं तर हसा, पण तो शब्द उचलून स्वतःच्या खिशात घालू नका.

माफी मागायची असेल तर एकट्यात आणि थोडक्यात मागा. "सोड रे, काय मनावर घेतोस" असं तो म्हणेल. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून पुन्हा एखादा विनोदही करेल. तेव्हा 'बघ, तुला काही वाटलंच नव्हतं ना' असं त्याच्याकडून वदवून घेऊ नका. वहिनींना "चुकलं माझं" एवढं म्हटलं तरी चालेल, त्यांना स्पष्टीकरण नको आहे. मुलीला मात्र आपणहून काही समजावायला जाऊ नका. ती मोठी होत जाईल तसं कधीतरी विचारेल. विचारलं की खरं सांगा : शाळेत तिच्या बाबांना मुलं काय म्हणायची, आणि तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूला उभे असायचात.